कॅरूसेलचं माहेर

जगातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक पदार्थ आणि प्रत्येक रोग मुळात दुसऱ्याच गावचा असतो, आणि त्याची नीट चौकशी केल्याशिवाय त्याला घरात घेणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला या जन्मात भेटला. तो नेमका माझा मामेसासरा निघावा, हा माझ्या पत्रिकेचा दोष म्हणायचा. बायकोचे मामा, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत मामा आणि मामी राहतात. मामांनी उभी नोकरी गोदीत टॅली क्लार्क म्हणून काढली. म्हणजे बोटीतून माल उतरू लागला की धक्क्यावर उभं राहायचं आणि कुठल्या बंदरातून काय आलं, किती आलं, वाटेत काय फुटलं याची खातरजमा करायची. मालाबरोबर ते शब्दही उतरवून घेऊ लागले. निवृत्त झाल्यावर माल संपला, पण ही खोड राहिली, आणि ते ऐकत उभं राहायची पाळी आमच्यावर आली.

लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मामांनी बसल्या बसल्या विचारलं, "पगार काय?" मुलीकडची माणसं हे विचारायचीच, म्हणून मी थोडे आढेवेढे घेऊन आकडा सांगितला. जरा फुगवूनच सांगितला. मामांनी त्या आकड्याची दखलही घेतली नाही. "तो नव्हे हो! पगार हा शब्द काय आहे, कधी विचार केलाय? पोर्तुगीज! दर महिन्याला तुम्ही पोर्तुगिजांचा शब्द खिशात घालून घरी येता आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही?" मग चावी, बादली, घमेलं, पाव, बटाटा, हापूस अशी सगळी पोर्तुगीज वरात त्यांनी माझ्यासमोरून वाजतगाजत नेली. चहा गार झाला. आतून मामींचा आवाज आला, "अहो, पावण्यांका चाय तरी पिऊक देवा!" मी बशीतला बटाटेवडा उचलला खरा, पण तो मला एव्हाना इतका परका वाटायला लागला होता की धड खाववेना. घरी आल्यावर आईने विचारलं, माणसं कशी आहेत? मी म्हटलं, माणसं चांगली आहेत, पण जेवूनखाऊन जावं लागेल.

"शब्द म्हणजे लेकी, जावईबापू," हा मामांचा मुख्य सिद्धांत. "एका घरी जन्मतात, दुसऱ्या घरी नांदतात. सासरी उच्चार बदलतो, नेसणं बदलतं, पण नाकाडोळ्यांवरून माहेर ओळखू येतं. ते ओळखणारा कुणीतरी पाहिजे." तो कुणीतरी म्हणजे अर्थातच ते स्वतः. त्यातही जो शब्द इथून परदेशी गेला आणि फिरून परत आला, त्याचं त्यांना विशेष कौतुक. शांपूची बाटली घरात आली की ते ती दोन्ही हातांनी घेतात. अंग चेपायचं, रगडायचं, त्याला हिंदीत चांपना म्हणत, तिथला हा शब्द; साहेबाबरोबर विलायतेला गेला आणि डोक्याला फेस लावून परत आला, असं ते सांगतात. "माहेरवाशीण आहे, तिला मोरीत कोपऱ्यात ठेवू नका." मामी ती बाटली निमूटपणे मोरीत कोपऱ्यातच ठेवतात. मामांच्या डोक्यावर केस किती उरलेत हे त्यांना माहीत आहे.

मामांना मधुमेह झाला तेव्हा घरावर अवकळा पसरली, पण मामा डॉक्टरकडून परत आले ते लॉटरी लागल्यासारखे. 'डायबेटिस' हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ आरपार वाहून जाणं असा आहे, हे त्यांना दवाखान्यातच आठवलं होतं आणि त्यांनी ते डॉक्टरला समजावूनही सांगितलं होतं. बाहेर खोळंबलेल्या पेशंटांनी शेवटी दार वाजवलं. "रोग काय कुणालाही होतो हो, पण शब्द बघा काय देखणा आहे!" मामींनी मात्र त्याच दिवशी साखरेचा डबा कुलपात टाकला. तेव्हा मामांचा बांध फुटला. साखर हा शब्द आपला, आपल्या शर्करेवरून अरबांनी घेतला, अरबांकडून साऱ्या युरोपाने घेतला, ज्या देशाने जगाला साखर हा शब्द दिला त्या देशातल्या माणसाला साखरबंदी, हा अन्याय आहे, असं त्यांनी गॅलरीत उभं राहून सगळ्या मजल्याला ऐकवलं. मामी म्हणाल्या, "जगाक दिलास मां? मग झाला. आता तुमका नको."

अशा माणसाला लेक झाली. तिचं नाव ठेवण्यासाठी मामांनी एवढी चौकशी आरंभली की बारशाचा दिवस उजाडला तरी नाव ठरेना. पाळणा सजला, बायका जमल्या, घुगऱ्या भिजल्या होत्या त्या शिजल्याही. आत्या वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेऊन थांबली आणि भावाकडे बघू लागली. मामा म्हणाले, "दोन नावांवर अडलंय. एकाचं मूळ जरा संशयास्पद आहे." शेवटी आत्याने बाळाच्या कानात नुसतंच कुर्रर्र केलं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले आणि बारसं आटोपलं. पुढे शाळेत घालताना एक नाव लावलं ते दाखल्यापुरतंच राहिलं. चाळीत आणि घरात ती बबीच. बबी बापाचं हे पुराण लहानपणी मांडीवर बसून ऐकायची आणि कॉलेजात गेल्यावर कानात हेडफोन घालून. मग ती शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली.

मामांच्या या नादाचं मला इतकी वर्षं हसू यायचं. ते एका रविवारी एकदम थांबलं. चार-पाच वर्षं झाली त्याला. आम्ही दोघं नवरा-बायको मामांकडे जेवायला गेलो होतो. कोंबडी-वडे झाले होते, मामी ओट्याशी आवराआवर करत होत्या, आणि बबीचा फोन आला. घरात फोन नेहमी स्पीकरवर असतो, कारण मामांना एका कानाने कमी ऐकू येतं. बबी म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. आमचं बरेच दिवस जमत नाहीये. आम्ही घटस्फोट घेतोय."

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. आणि मग आवाज आला तो असा: "घटस्फोट. घट म्हणजे घडा बघ. पूर्वी एखाद्याला वाळीत टाकायचं ठरलं की त्याच्या नावाने पाण्याचा घडा भरायचे आणि तो लवंडून द्यायचे, फोडायचे. म्हणजे तो माणूस आपल्याला मेला. नवरा-बायकोशी या शब्दाचा संबंध आला तो फार पुढे..." मामी "अहो!" म्हणून ओरडल्या, माझ्या बायकोने मामांचा दंड धरला, पण त्यांना थांबता येईना. पलीकडून बबी एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्ता हेच बोलणार आहात?" आणि फोन बंद झाला.

मला त्या क्षणी मामांचा इतका राग आला की खाल्लेलं जेवण कडू झालं. पण मला त्यांची आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी बबीला तिकडे बसून दिसणं शक्य नव्हतं. मामींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी मामांच्या शेजारी बाकावर बसलो होतो. ऑपरेशन संपेपर्यंत ते मला 'थिएटर' हा शब्द ग्रीकांनी 'बघणं' या अर्थावरून कसा काढला ते सांगत होते, आणि त्यांनी माझं मनगट असं आवळून धरलं होतं की घरी गेल्यावर त्यावर वळ दिसले. हा माणूस घाबरला की शब्दाच्या मुळाशी जाऊन लपतो. एरवी ते हौस म्हणून तिथे जातात. त्या रविवारी ते भीतीने गेले होते. पण हे फोनवरून लेकीला कोण सांगणार?

तेव्हापासून बबीचा फोन यायचा तो मामींच्या मोबाइलवर. मामी आत जाऊन बोलायच्या. मामा दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि जिन्यात कुणी मोठ्याने बोललं तर हातवारे करून त्याला गप्प करायचे. फोन ठेवला की विचारायचे, "माझं काही विचारलं?" मामी म्हणायच्या, "औषधां वेळेर घेतात काय म्हणान विचारल्यान." हे मामींनी पदरचं घातलेलं असायचं. मला ते कळत होतं, आणि मला वाटतं मामांनाही कळत असावं. पण त्यांचा चेहरा तेवढ्यापुरता बरा दिसायचा. मी एकदा म्हटलं, "मामा, तुम्हीच करा ना फोन." ते म्हणाले, "काय बोलू? मी तोंड उघडलं की तेच बाहेर येतं. पुन्हा तसं झालं तर पोर कायमची जाईल." त्या दिवसांत त्यांनी शब्दांचं नाव टाकलं होतं. महिनाभर मामा कुणाला काही सांगत नाहीत म्हटल्यावर चाळीत कुजबुज सुरू झाली. खालच्या मजल्यावरचे लोक शहाळी घेऊन बघायला आले. हळूहळू खोड परतली, पण बबीचं नाव निघालं की ते अजूनही गप्प व्हायचे.

कॅरूसेल हा शब्द या घरात आणला तो माझ्या मुलीने. मामांचे वडील ज्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायचे त्या आवारात आता काचेची इमारत आहे, आणि तिथे एका जाहिरातीच्या कंपनीत माझी मुलगी काम करते. काय काम करते ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. पुढे एका दिवाळीत फराळाला गेलो असताना ती मामांना म्हणाली, "आजोबा, मी निघते, आज अजून कॅरूसेल संपवायचेत." मामांच्या हातातली चकली हातातच राहिली. कॅरूसेल म्हणजे? तिने मोबाइल काढून दाखवलं. एकामागोमाग एक सरकवायची चित्रं. "आणि ती फिरून पहिल्या चित्रावर येतात?" मामांनी विचारलं. "नाही आजोबा, संपली की संपली." "अगं पण कॅरूसेल म्हणजे गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा! हे गोल कुठे फिरतंय?" मुलगी घाईत होती. "आजोबा, आमच्यात यालाच म्हणतात," असं म्हणून ती पाया पडून पळाली. मामांना त्या रात्री झोप आली नसणार. गोल फिरण्याचं नाव सरळ जाणाऱ्या गोष्टीला मिळालं, म्हणजे वाटेत कुठल्यातरी बंदरात घोळ झालाय, आणि तो शोधणं हे आपलं कर्तव्य आहे, असं त्यांनी घेतलं.

मग ते दादरच्या ग्रंथालयात बसू लागले, गिरगावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जाडजूड कोश आणू लागले. डिसेंबरात माहीमची जत्रा भरली तेव्हा मामींना घेऊन थेट घोड्यांच्या पाळण्यापाशी जाऊन उभे राहिले. "याला तुमच्यात काय म्हणतात?" असं त्यांनी पाळणेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "चाचा, बैठना है तो बैठो, नाम में क्या रखा है." नावात काय ठेवलंय, हे मामांना विचारणं म्हणजे गाढवापुढे गीता वाचण्याच्या अगदी उलट प्रकार; त्यांनी त्याला सगळंच सांगायला घेतलं. वैतागून त्याने त्यांना घोड्यावर बसवलं, निदान तेवढा वेळ तरी सुटका होईल म्हणून. मामा फायबरच्या निळ्या घोड्यावर, शर्ट खोचून, बालगोपाळांच्या मधोमध. दोन फेऱ्या झाल्यावर ओरडले, "ओ, जरा उलटा फिरवा! इंग्लंडात हा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि इतरत्र उलटा. कसं वाटतं ते बघायचंय!" मामी पदराने तोंड झाकून भेळवाल्याच्या गाडीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "ह्यो माणूस माझो कोण नाय, म्हणान सांगलंय मी भेळवाल्याक," असं त्यांनीच आम्हाला नंतर सांगितलं.

जानेवारीपर्यंत कॅरूसेलचा सगळा कुळवृत्तांत मामांकडे जमा झाला होता आणि ऐकणारा एकही माणूस उरला नव्हता. मी फोन घेणं बंद केलं होतं. चाळीतले लोक मामा जिन्याने येताना दिसले की दुसऱ्या जिन्याने जायचे. आणि अशा भरलेल्या अवस्थेत बातमी आली, की बबी परत येतेय. कायमची. तिकडचं सगळं आटपलं होतं, इकडे नोकरी मिळाली होती, आणि राहायला वडाळ्याला एका मैत्रिणीकडे जागा बघितली होती. बापाच्या घरी उतरेन असं ती म्हणाली नव्हती. नाही असंही म्हणाली नव्हती. "विमानतळावरून आधी घराक येतलंय, मगे बघूया, म्हणाला चेडू," मामींनी लेकीचा निरोप सांगितला. त्या 'मगे बघूया'वर सगळं अडकलं होतं, हे मामांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

तिला आणायला मी गाडी घेऊन जायचं ठरलं. त्या सकाळी गेलो तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाचे तयार होते आणि मामी ओट्यापाशी. काळ्या वाटाण्यांचं सांबारं रटरटत होतं. मामी म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतत, मी काय येणंय नाय. तुमी दोघांच जावा. आणि माझो फोन घेवन जावा, तुमचो नेमको वेळेर बंद पडता." मामींचे गुडघे आदल्या दिवशी भायखळ्याच्या बाजारात जाऊन आले होते, हे मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसलो. मग त्यांनी मामांपुढे एक लवंग धरली. "ही तोंडात ठेवा. चेडवासमोर एक शब्द उकललात तर माझ्याशी गाठ आसा. बोलूचा वाटला तर ही चावा." मामांनी शहाण्या मुलासारखी लवंग गालात धरली. शीवच्या सिग्नलला ते एकदा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "लवंग हा शब्द..." मी म्हटलं, "मामा!" ते खिडकीबाहेर बघू लागले.

विमान वेळेवर उतरलं होतं. आम्ही आगमनाच्या बाहेरच्या कठड्याशी उभे राहिलो. शेजारी पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या धरून ड्रायव्हर मंडळी उभी होती. मामींचा फोन वाजला. पडद्यावर 'बबी' आलं. मामांनी फोन माझ्याकडे ढकलला, मी त्यांच्याकडे ढकलला. शेवटी त्यांनी तो घेतला. घरच्या सवयीने तो स्पीकरवरच लागला.

"आई, उतरले गं मी."

मामांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मी आहे," ते म्हणाले.

मग बबी म्हणाली, "आई नाही आली?"

"गुडघे."

"बरं."

"प्रवास ठीक झाला?"

"हो."

"खाल्लंस काही?"

"दिलं होतं विमानात."

तीन वर्षांच्या अबोल्यानंतर बाप-लेक एवढंच बोलले आणि दोघांकडचं संपलं. मला वाटलं, आता ती फोन ठेवणार आणि बाहेर येऊन परस्पर वडाळ्याची टॅक्सी करणार. मामांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी कठडा घट्ट धरला. तेवढ्यात बबी म्हणाली, "मला वेळ लागेल जरा. बॅग यायचीय. कॅरूसेलपाशी उभी आहे."

बॅगांच्या त्या फिरत्या पट्ट्यालाही कॅरूसेलच म्हणतात! मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मामांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि कटकन लवंग चावल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पण गडी बोलला नाही. "बरं," एवढंच म्हणाले. "थांब मग. घाई नाही." जत्रेपासून पोटात कोंडून ठेवलेला शब्द आयता समोर चालून आला होता आणि मामांनी तो गिळला. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा त्याग असेल. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला.

"बाबा?" फोनमधून आवाज आला. "बरे आहात ना?"

"आहे की. का गं?"

"नाही, कॅरूसेल म्हटलं मी, आणि तुम्ही गप्प." मग म्हणाली, "कुठला हो हा शब्द?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मामींची जी काय शिक्षा असेल तिच्यातली अर्धी आपण भोगू, असं मी मनाशी ठरवलं.

"सांगू? नक्की?"

"सांगा ना. इथे उभीच आहे मी."

आणि मामांनी सुरुवात केली, अगदी हळू. हा मूळचा घोडेस्वारांचा खेळ. कुणी म्हणतात तुर्कांचा, कुणी म्हणतात अरबांचा. तिकडे लढायला गेलेल्या युरोपातल्या लोकांनी तो पाहिला आणि स्पेनला, इटलीला नेला. इटलीत त्याला कारोसेल्लो म्हणू लागले. काही पंडित म्हणतात, त्याचा अर्थ छोटी लढाई, लुटुपुटूची. काही म्हणतात, नाही, नेपल्सकडे मातीच्या पोकळ गोळ्याला तसं म्हणत, त्यावरून आलं. "आता खरं काय ते देव जाणे. शब्दांच्या जन्मदाखल्यावर सही-शिक्का नसतो. पण खेळ असा होता बघ. ते मातीचे पोकळ गोळे घ्यायचे, आत अत्तराचं पाणी भरायचे, आणि घोडा पळवत एकमेकांवर फेकायचे. नेम लागला की गोळा फुटायचा आणि..."

मामा थांबले. 'फुटायचा' या शब्दावर त्यांची जीभ अडली. का अडली ते माझ्याही लक्षात आलं. त्या रविवारी फोनवर त्यांनी असंच एक मातीचं भांडं फोडलं होतं. त्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

"बबी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी फार घाबरलो होतो गं. तुला जवळ घ्यायचं होतं. काय बोलायचं ते सुचलंच नाही."

पलीकडे बॅगांच्या पट्ट्याची घरघर चालू होती. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"कळलं होतं मला, बाबा. नंतर कळलं. पण तुम्ही फोनच केला नाहीत." आणि मग, "बरं, पुढे सांगा. गोळा फुटला. मग?"

"मग काही नाही," मामा म्हणाले. "मातीचाच तो. कुणाला लागायचं नाही. नुसता वास सुटायचा सगळीकडे."

त्यानंतर मात्र मामांना धरवेना. फ्रान्सच्या राजाने त्याचा मोठा दरबारी सोहळा केला. सरदारांच्या पोरांना सराव पाहिजे म्हणून एका खांबाला लाकडी घोडे टांगून ते गोल फिरवायला लागले, पोरांनी भाल्याने कडी उचलायची. पुढे राजे गेले, लढाया गेल्या, भाले गेले, आणि घोडे तेवढे जत्रेत आले. मग फोटोच्या स्लाइड दाखवायच्या यंत्रातली गोल चकती आली, तिलाही तेच नाव. मग विमानतळावरचा बॅगांचा पट्टा. आणि आता मोबाइलमधली चित्रं, जी बिचारी गोलसुद्धा फिरत नाहीत. मामांचा मोकळा हात घोडे काय फिरवत होता, भाला काय फेकत होता. शेजारचे ड्रायव्हर आपल्या पाट्या खाली करून ऐकायला लागले. माहीमच्या निळ्या घोड्याची आणि भेळवाल्याच्या गाडीमागे लपलेल्या मामींची हकिकत आली तेव्हा बबी इतकी हसली की स्पीकर खरखरला. मामांच्या अंगातली त्या सगळ्या वर्षांची गाठ सुटताना मी समोर उभा राहून पाहिली.

त्या विमानातले लोक कधीच निघून गेले होते. पुढच्या विमानातले लोक बाहेर यायला लागले, त्यांच्यातून बबी बॅगांची ट्रॉली ढकलत आली. केस थोडे पिकलेले, डोळे सुजलेले. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. मग पार्किंगमध्ये पुढे होऊन गाडीचं दार उघडायला गेले. मी बॅगा डिकीत चढवता चढवता बबीला म्हटलं, "फारच उशीर लावला गं या विमानतळवाल्यांनी. हरवली होती की काय बॅग?"

तिने मामांकडे पाहिलं. ते पुढच्या दाराशी होते, बरा कान पलीकडे. "नाही हो भाओजी," ती हळूच म्हणाली. "पट्टा सुरू झाल्यावर लगेचच आली होती. येत होती, जात होती. मी उचलली नाही."

मी हे मामांना कधी सांगितलं नाही. बबी त्या दिवशी घरी आली, सांबारं जेवली आणि तिथेच राहिली. वडाळ्याची जागा मैत्रिणीने दुसऱ्या कुणाला दिली. आता मामा थकलेत. ऐकूही आणखी कमी येतं. घरी कुणी आलं की पहिल्यांदा विमानतळाच्या नावाने बोटं मोडतात. सगळा कारभार ढिसाळ, एक बॅग यायला एवढा उशीर, माझी मुलगी बिचारी किती वेळ उभी होती, याबद्दल लिहिलं पाहिजे कुणाला तरी. बबी तेव्हा तिथेच कुठेतरी असते, भाजी निवडत नाहीतर त्यांच्या गोळ्या काढत. ती मान हलवते आणि म्हणते, "हो ना. फारच उशीर लावला."